गारफील्ड पुसल्यावर उरलेला जॉन: एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

‘गारफील्ड’ या चित्रमालिकेच्या विडंबनांवर मी जो लेख लिहिला होता, त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणे योग्य वाटले नाही, म्हणून हे स्वतंत्रपणे लिहीत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: दुसऱ्याने काढलेल्या चित्रातले एक पात्र पुसून टाकायला ना चित्रकला लागते ना विनोदबुद्धी, त्यामुळे हा प्रकार विडंबन नसून शुद्ध उचलेगिरी आहे, त्यातून मुलांनी हसत वाचावी अशी निरागस मालिका एका खचलेल्या माणसाची कहाणी होऊन बसते, आणि उद्या कोणी आपल्या ‘चिंटू’ची अशीच गत केली, तर ती मी मुकाट्याने पाहत बसेन का, असा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे.

नेमके काय केले गेले ते आधी पाहू, कारण पहिल्या आक्षेपाचे उत्तर बरेचसे त्या तपशिलातच आहे. जिम डेव्हिस यांची ही मालिका १९ जून १९७८ रोजी अमेरिकेतील ४१ वृत्तपत्रांत सुरू झाली. तिच्यात गारफील्ड हे मांजर तोंडाने बोलत नाही; त्याचे सगळे टोमणे विचारांच्या फुग्यात असतात, तर त्याचा मालक जॉन आरबकल मोठ्याने बोलतो. २००८ मध्ये आयर्लंडमधील डॅन वॉल्श याने या मालिकेच्या पट्ट्यांमधून, म्हणजे काही चौकटींच्या रोजच्या चित्रांमधून, गारफील्डला वगळून त्या इंटरनेटवर प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ही कल्पना त्याच्या आधीही तेथे फिरत होती, परंतु तिला नाव, सातत्य आणि वाचक मिळाले ते त्याच्यामुळे. त्याने मांजर आणि मांजराचे विचार काढले, मागची रिकामी जागा भरून घेतली आणि तो थांबला. जॉनच्या तोंडी त्याने स्वतःचा एकही शब्द घातला नाही. रिकाम्या खोलीत टेबलाशी बसून जॉन जे काही बोलतो, ते सारे डेव्हिस यांनी लिहिलेले आणि कित्येक वर्षांपूर्वी सकाळच्या वृत्तपत्रात छापून आलेले आहे.

यावर आपण म्हणाल की संदर्भ काढून घेतला तर कोणाचेही बोलणे वेडगळ वाटेल. ते सर्वसाधारणपणे खरे आहे, पण या ठिकाणी लागू पडत नाही. गारफील्डचा टोमणा वाचकासाठी असतो. तो उच्चारला जात नाही. आपण वाचक त्या टोमण्याला दाद देतो आणि त्या गडबडीत आपल्या लक्षात येत नाही की एक प्रौढ, अविवाहित माणूस घरात मांजरापुढे बोलत आहे आणि त्याला शब्दाने उत्तर देणारे तेथे कोणी नाही. वॉल्शने टोमणा काढून घेतला आणि बोलणारा माणूस तेवढा समोर ठेवला.

शिवाय ही परिस्थिती मालिकेनेच पद्धतशीरपणे घडवलेली आहे. आरंभीच्या काळात जॉनच्या घरात लायमन नावाचा मिशीवाला मित्र राहत असे. जॉनला बोलायला कोणी माणूस हवा म्हणून ऑगस्ट १९७८ मध्ये त्याला आणले गेले, आणि ओडी हा कुत्रा मुळात त्याचा. पुढे जॉन आणि गारफील्ड यांच्यातच सगळा विनोद घडू लागला, लायमनची गरज संपली आणि १९८३ च्या सुमारास तो नेहमीच्या पट्ट्यांतून नाहीसा झाला. कुत्रा मात्र घरात राहिला. निरोपाची एखादी पट्टीसुद्धा लायमनच्या वाट्याला आली नाही. म्हणजे पात्र पुसण्याचा पहिला मान वॉल्शकडे नव्हे, तर खुद्द निर्मात्याकडे जातो. दुसरीकडे, पशुवैद्य लिझ १९७९ मध्ये मालिकेत आली आणि जॉनशी तिचे सूत जुळले ते २००६ मध्ये. मधली सत्तावीस वर्षे जॉनला मिळणारा नकार हा या मालिकेच्या विनोदाचा एक हुकमी पुरवठा होता. इतका नकार पचवणारा माणूस आतून कसा असेल, हा प्रश्न वाचकाच्या मनात येऊ नये याची काळजी जाड्या मांजराकडे सोपवलेली होती, आणि ती त्याने चोख घेतली.

आपण ‘निरागस’ हा शब्द वापरला आहे, म्हणून आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. ऑक्टोबर १९८९ मध्ये, हॅलोविनच्या आठवड्यात, डेव्हिस यांनी सलग सहा दिवसांची एक मालिका काढली. तिच्यात गारफील्डला जाग येते ती थंड, ओसाड, वर्षानुवर्षे कोणी न राहिलेल्या घरात. जॉन नाही, ओडी नाही. माणसाला सर्वांत जास्त भीती एकटे पडण्याची वाटते आणि तीच भीती आपल्याला वापरायची होती, असे डेव्हिस यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. या पट्ट्यांत विनोद नाहीच म्हटले तरी चालेल. वॉल्शच्या बरोबर एकोणीस वर्षे आधी मूळ लेखकाने तोच प्रयोग उलट बाजूने केला होता: त्याने मांजर ठेवले आणि माणसे काढली. अशा मालिकेवर बाहेरून उदासी लादली गेली, हे म्हणणे मला मान्य होण्यासारखे नाही.

आता कौशल्याविषयी. पुसण्यात कौशल्य कसले, असे आपण विचारता. कौशल्य काय पुसायचे याच्या निवडीत असते. याच मालिकेवरच्या दुसऱ्या एका प्रयोगात मांजर जागच्या जागी ठेवून केवळ त्याच्या विचारांचे फुगे काढलेले आहेत. परिणाम अगदी निराळा होतो. तेथे जॉन खचलेला वाटत नाही. मांजर पाळणारा कोणताही माणूस मांजराशी जसा बोलतो तसा तो बोलतो आणि मांजर नुसते पाहत राहते. मला व्यक्तिशः हा प्रयोग वॉल्शच्या प्रयोगापेक्षा अधिक सूक्ष्म वाटतो, कारण त्यात कोणाचीही कीव करावी लागत नाही. मूळ पट्टी तीच, शब्द तेच, आणि वजाबाकी किंचित बदलल्याबरोबर दोन वेगळी माणसे समोर येतात. हे ज्याला दिसले त्याने मूळ पट्टी बारकाईने वाचली होती, एवढे तरी आपण मान्य कराल असे वाटते.

विडंबनाची ही रीत इंटरनेटने जन्माला घातलेली नाही. जॉर्ज मॅकमॅनस यांची ‘ब्रिंगिंग अप फादर’ ही मालिका १९१३ पासून अमेरिकन वृत्तपत्रांत येत असे. अचानक पैसेवाला झालेला जिग्ज जुन्या दोस्तांकडे पळू पाहतो आणि मॅगी, त्याची बायको, लाटणी आणि काचेची भांडी त्याच्या डोक्यात घालते, हा तिचा ठरलेला विनोद. १९५४ मध्ये ‘मॅड’ या अमेरिकन विनोदी नियतकालिकाने तिचे विडंबन केले. हार्वी कर्ट्झमन यांच्या संहितेची काही पाने बिल एल्डर यांनी मॅकमॅनस यांच्या शैलीची हुबेहूब नक्कल करून काढली, आणि त्यांच्यामध्ये बर्नार्ड क्रिगस्टाइन यांनी वास्तव शैलीतली पाने काढली, ज्यांत त्याच मारामुळे जिग्जच्या अंगावर खऱ्या जखमा दिसतात आणि हसू थांबते. चाळीस वर्षे वाचक ज्या माराला हसत होते तो मार आहे, एवढेच त्या पानांनी दाखवले. मॅकमॅनस यांच्या रेषेची थोरवी त्यामुळे कमी झाली असे मला वाटत नाही. ती रेषा किती मोठी गोष्ट सहज लपवू शकत होती, हे मात्र कळले.

उचलेगिरीचा आपला मुद्दा कायद्याच्या अंगाने पाहिला, तर त्याला आधार नाही असे मी म्हणणार नाही. १९७१ मध्ये डॅन ओ’नील आणि त्यांच्या साथीदारांनी ‘एअर पायरेट्स फनीज’ या नावाने दोन अंक काढले आणि त्यांत मिकी माउसला अमली पदार्थ आणि लैंगिक उचापती यांत गुंतवले. डिस्ने कंपनीने दावा लावला, आणि १९७८ मध्ये अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की विडंबनासाठी मूळ पात्राची आठवण करून देण्यापुरते जेवढे घेणे आवश्यक होते, त्याहून अधिक घेतले गेले. ही कसोटी लावली तर वॉल्शची बाजू लंगडी पडू शकली असती, कारण त्याने आठवण करून देण्यापुरते नव्हे, तर अख्खे चित्र घेतले होते. ती कसोटी लागण्याची वेळच आली नाही, कारण डेव्हिस यांना हा प्रकार आवडला आणि २००८ मध्येच त्यांच्या संमतीने या पट्ट्यांचे पुस्तक निघाले, ज्यात मूळ पट्टी आणि बदललेली पट्टी शेजारी शेजारी छापलेली आहे. ज्याच्या घरी चोरी झाली म्हणून आपण तक्रार नोंदवू पाहता, त्या घरमालकानेच पाहुण्याला जेवायला बसवले आहे.

मात्र संमती मिळाली म्हणून विडंबन चांगले ठरते आणि नाकारली म्हणून वाईट ठरते, असेही मी मानत नाही. येथे बिल कीन यांच्या ‘द फॅमिली सर्कस’चे उदाहरण आठवते, आणि आपला आक्षेप सर्वांत जास्त जोरकस ठरतो तो त्याच उदाहरणात. १९६० पासून येणारे हे एकाच गोल चौकटीचे चित्र. तिच्यातली मुले कीन यांच्या स्वतःच्या मुलांवर बेतलेली होती. १९९० च्या दशकात इंटरनेटवर या चित्रांखालच्या मूळ ओळी काढून वाचकांनी पाठवलेल्या, बहुतेक अश्लील किंवा क्रूर, ओळी घालण्याचा एक उद्योग चालत असे. १९९९ मध्ये, कायदेशीर इशारा आल्यानंतर आणि कीन यांच्याशी प्रत्यक्ष बोलणे झाल्यानंतर, तो चालवणाऱ्याने बंद केला. मला तो निर्णय सभ्यपणाचा वाटतो. पण सभ्यपणा बाजूला ठेवला तरी त्या ओळी मला विडंबन म्हणून फिक्या वाटतात, आणि त्याचे कारण वेगळे आहे. तेथे मूळ शब्द काढून त्यांच्या जागी काहीही भरता येत होते, म्हणून जे भरले गेले ते भरणाऱ्याविषयी सांगत होते, कीन यांच्या चित्राविषयी फार थोडे. वॉल्शला अशी मोकळीक नव्हती. जॉन जे बोलला तेवढ्यावरच त्याला भागवावे लागले.

राहता राहिला ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही मालिका १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाली, आणि तिच्याबद्दल आपल्याला जो जिव्हाळा आहे तो मलाही आहे. कोणी चिंटूच्या तोंडी शिव्या घातल्या तर मला राग येईल, परंतु तो राग कंटाळ्याच्या जातीचा असेल, कारण गोंडस पात्राला शिव्या द्यायला लावणे ही कोणालाही सुचणारी युक्ती आहे. उलट कोणी त्यातली मोठी माणसे काढून टाकून केवळ मुले ठेवली, किंवा मुले काढून केवळ आईवडिलांचे संवाद ठेवले, तर मध्यमवर्गीय मराठी घराविषयी काहीतरी हाती लागेल अशी मला शंका आहे आणि ते मी आवर्जून वाचीन. विडंबनाचे आपल्याला वावडे आहे असेही नाही. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने रविकिरण मंडळाच्या कवींची जी थट्टा केली, ती त्या कवींचे यमक, लकबी आणि लाडके शब्द तोंडपाठ असल्याशिवाय जमलीच नसती, आणि ज्यांची थट्टा झाली त्यांना ती गोड लागली नसणार हेही उघड आहे.

एका बाबतीत आपल्याशी माझे जुळते. वॉल्शच्या पट्ट्या एका बैठकीत शंभर वाचल्या की त्यांचा परिणाम बोथट होतो. दहाव्या पट्टीनंतर जॉन खचलेला आहे हे कळून चुकलेले असते आणि पुढच्या पट्ट्या तेच पुन्हा सांगत राहतात. ज्या पट्ट्यांत जॉन फक्त गप्प बसलेला आहे आणि तिन्ही चौकटींत काहीच घडत नाही, त्या मला विशेष सोप्या वाटतात. तेथे मांजराचा विनोद नाहीसा झाला आणि त्याच्या जागी काही आले नाही. तरीही ते पुस्तक आपल्या हाती आले तर शेजारी छापलेल्या मूळ पट्ट्या आधी झाकून ठेवाव्यात, जॉनचे बोलणे वाचावे आणि मगच मूळ पट्टी पाहावी, अशी विनंती आहे. त्यानंतरही ते बोलणे डेव्हिस यांनी लिहिलेले नसून कोणीतरी त्याच्या तोंडी कोंबलेले आहे असे आपल्याला वाटले, तर कोणत्या पट्टीत तसे वाटले ते जरूर कळवावे.