‘पर्यंत’ म्हणजे नक्की किती, हे मला आज कळलं

सारखं तुटणारं आमचं इंटरनेट बघायला आलेले लाइनमनकाका आत्ताच गेले. आठ दिवस फोनवर जे कुणी सांगितलं नाही ते त्यांनी पंधरा मिनिटांत सांगितलं. बरं वाटायला हवं होतं, पण मला भयंकर राग आलाय.

गेल्या मंगळवारी लेकीची ऑनलाइन तोंडी परीक्षा होती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्यावर असताना चित्र गोठलं, आवाज तुटला. परत जोडली गेली तेव्हा तिची वेळ संपली होती. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

त्याच रात्री इंटरनेट कंपनीला परत फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “मॅडम, पॅकेजवर ‘२४ एमबीपीएसपर्यंत’ असं लिहिलंय.” एमबीपीएस हे वेगाचं माप, सेकंदाला किती मेगाबिट डेटा येतो ते. म्हणजे चार मिळाले तरी कंपनी खरी, एक मिळाला तरी कंपनी खरी. पैसे भरताना मात्र ‘पर्यंत’ नसतं. ते पूर्णच भरावे लागतात.

काकांनी मोडेमचं पान उघडून दाखवलं. आमची लाइन ६ एमबीपीएसवर जोडलेली होती. म्हणाले, “ताई, या पॅकेजला ठरलेला वेग नसतोच. तुमची तार जेवढं झेपवेल तेवढा.” मोडेम सुरू झाला की आधी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या, म्हणजे सगळ्यांच्या तारा जिथे जाऊन मिळतात तिथल्या, यंत्राशी बोलतो. तारेवरच्या वारंवारितांचे ५१२ बारीक पट्टे असतात. प्रत्येक पट्ट्यात गोंगाट, म्हणजे तारेत शिरलेले नको ते विद्युत संकेत, किती ते तपासून त्यावर किती डेटा लादायचा ते ठरतं. तांब्याच्या तारेत वरच्या वारंवारिता लवकर विरतात, त्यामुळे लांबच्या घरापर्यंत वरचे पट्टे पोचतच नाहीत. अंतर मोजायचं तेही तारेच्या वाटेने, वळणं घेत. २४ हा आकडा एक्स्चेंजच्या अगदी जवळच्यांसाठी. चार-पाच किलोमीटरवर दोन-तीन मिळाले तरी पुष्कळ. त्यात ओल लागलेले जोड, एकाच जुडग्यात शेजारच्यांच्या तारा, त्यांचा एकमेकींत मिसळणारा गोंगाट.

हे सगळं मला मान्य आहे. निसर्गनियमाशी माझं भांडण नाही.

पण पुढचं ऐका. वेग ठरवताना गोंगाटापासून बचावासाठी थोडी जागा राखून ठेवतात, साधारण ६ डेसिबल. लाइन वारंवार तुटली की एक्स्चेंजकडची यंत्रणा तिला ‘अस्थिर’ धरते, ती राखीव जागा वाढवते आणि वेग आपणहून उतरवते. लाइन गोंगाटाने तुटली किंवा आपणच बटण बंद केलं, यातला फरक तिला पुष्कळदा ओळखू येत नाही. उतरवलेला वेग परत चढायला कित्येक दिवस लागतात. आणि परीक्षेच्या आधीचा आठवडाभर मी काय करत होते? रोज चार-पाच वेळा मोडेम बंद-चालू. का? तर फोनवर दर वेळी तेच सांगत होते! लेक शेजारी बसून उजळणी करत होती आणि मी माझ्याच हाताने तिची लाइन खाली ओढत होते. हे कळल्यावर काकांसमोरच माझे डोळे भरून आले.

हो, घरात वाय-फाय पसरवणारा आमचा राउटर कपाटामागे होता, तेही चुकलंच. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे जेमतेम तीन चॅनेल, त्यावर सगळ्या इमारतीची गर्दी, मायक्रोवेव्हचा त्रास वेगळा. पण काकांनी केबल थेट जोडून पाहिलं तरी सहाच्या वर काही गेलं नाही. संध्याकाळी सगळे एकदम ऑनलाइन येतात आणि एक्स्चेंजच्या पुढचा रस्ता सामायिक असतो, हेही खरं. फायबरवाल्यांनी, म्हणजे काचेच्या तारेवरून इंटरनेट घेणाऱ्यांनी, लगेच खूश होऊ नये. तिथे तांब्याची अडचण जाते, पण जवळपास अडीच गिगाबिटची एक वाहिनी ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असू शकते.

आणि तो २४ फक्त घरात येणाऱ्या डेटाचा आकडा. लेकीचा आवाज तर बाहेर जात होता! त्या दिशेला तांब्याच्या तारेवरच्या या तंत्रात साधारण एक एमबीपीएसच्या आसपास मिळतो. जाहिरातीत हे कुठे होतं?

माझं म्हणणं एवढंच आहे. आमची लाइन किती वेगाने जोडली गेलीय हे कंपनीच्या यंत्राला रोज दिसतं. मग तो आकडा मला का सांगत नाहीत? पॅकेज विकतानाच सांगा, “तुमच्या घरी सहा ते नऊ मिळेल, बाहेर जाताना एकच.” मी तरीही घेतलं असतं. पण परीक्षेसाठी लेकीला दुसरीकडे बसवलं असतं. ती अर्ध्या उत्तरावर थांबली नसती.

फोनवरच्या मुलांना मी त्या रात्री फार बोलले. त्यांच्यापुढेही तोच कागद असणार, त्यांना काय दोष द्यायचा. काकांनी खालच्या पेटीतला काळा पडलेला जोड कापून नवा केला. आता लाइन ९ वर आहे. “दहा दिवस बटणाला हात लावू नका, ताई,” असं बजावून ते गेले. चहाही घेतला नाही.

लेकीने बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे. फेरपरीक्षेसाठी तिने आज अर्ज केलाय.