कष्टकऱ्यांची संस्था आणि महापालिकेची मुदतवाढ

कामगारांच्या मालकीच्या सहकारी संस्थांना महापालिकेने मदत करावी, असे म्हटले की बहुतेकांना आधी अनुदान आठवते आणि पाठोपाठ अनुदान लाटणारी माणसे आठवतात. महाराष्ट्रात सहकार म्हणजे साखर कारखाना, दूध संघ आणि जिल्हा बँक. प्रत्यक्ष अंगमेहनत करणाराच मालक असेल, असा सहकार आपल्याकडे त्यामानाने थोडाच रुजला. पुण्यातील कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही संस्था त्या थोड्यांपैकी एक आहे. तिच्याकडे पाहून माझे असे मत झाले आहे की अशा संस्थेला पैशापेक्षा दीर्घ मुदतीच्या कामाची हमी आणि ते काम करायला जागा यांची गरज अधिक असते, आणि नेमक्या याच दोन गोष्टी देताना महापालिका हात आखडता घेते.

ही संस्था महापालिकेच्या योजनेतून जन्मलेली नाही, हे आधी सांगायला हवे. १९७२च्या दुष्काळानंतर पुण्यात आलेल्या अनेक दलित कुटुंबांतील स्त्रिया उकिरड्यांवरून कागद, काच, पत्रा वेचून पोट भरत होत्या. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून कार्यकर्त्या त्यांच्यापर्यंत पोहोचल्या, हमाल पंचायतीचा अनुभव असलेले डॉ. बाबा आढाव पाठीशी उभे राहिले आणि १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली. कचरा वेचणे हे काम आहे, त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा खर्च वाचतो, म्हणून महापालिकेने त्याची नोंद घ्यावी, हा संघटनेचा युक्तिवाद होता. त्यातून आधी ओळखपत्रे मिळाली, पुढे आरोग्य विमा आला. ओळखपत्राला महापालिकेचा फारसा खर्च आला नसेल. पण पाठीवर पोते दिसले की चोर समजून हटकले जाणाऱ्या बाईसाठी त्या कार्डाचे मोल मोठे होते.

घरोघरी कचरा गोळा करणे नियमांनी बंधनकारक झाल्यावर खरा पेच उभा राहिला. हे काम ठेकेदाराच्या गाड्यांना दिले असते तर कचरा थेट घरातून गाडीत गेला असता आणि वेचणाऱ्यांच्या हाती काहीच उरले नसते. म्हणून कचरावेचकांचीच सहकारी संस्था नोंदवली गेली आणि २००८ साली महापालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. सभासदाने घरोघरी जाऊन ओला व सुका कचरा घ्यायचा, घरटी मासिक शुल्क थेट नागरिकांकडून घ्यायचे, सुक्यातील विकण्याजोगा माल विकून ते पैसे स्वतः ठेवायचे आणि उरलेला कचरा महापालिकेच्या गाडीपर्यंत पोहोचवायचा. महापालिकेने ढकलगाड्या, हातमोजे, वर्गीकरणासाठी जागा आणि संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च द्यायचा. आज या संस्थेचे तीन हजारांहून अधिक सभासद आहेत.

या रचनेतील अर्थशास्त्र फारसे कोणी समजावून सांगत नाही, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. ठेकेदाराला जेव्हा टनावर पैसे मिळतात, तेव्हा गाडी जितकी जड तितके बिल मोठे, त्यामुळे कचरा कमी होण्यात त्याचे हित नसते. ओल्या कचऱ्यात पुठ्ठा भिजून गेला तरी त्याचे काही बिघडत नाही, उलट वजनच वाढते. कचरावेचक बाईचे गणित याच्या अगदी उलट असते. तिने बाजूला काढलेला प्रत्येक किलो पुठ्ठा, बाटली, पत्रा भंगाराच्या दुकानात तिची कमाई होतो आणि तेवढाच कचरा डेपोवर जाण्याचा वाचतो. कचरा डेपोचा त्रास सोसणाऱ्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे आंदोलने करून जे मागितले, त्यातील एक वाटा या स्त्रिया रोज सकाळी कोणत्याही यंत्राशिवाय उचलतात. निविदेच्या तक्त्यात मात्र या वाचलेल्या कचऱ्यासाठी रकाना नसतो, त्यामुळे दरांची तुलना सुरुवातीपासूनच लंगडी होते.

मालमत्ता कर भरतो, मग कचऱ्याचे वेगळे पैसे का द्यायचे, हा आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. वस्तीतील कुटुंबाला हे शुल्क खरोखर जाचते आणि तिथे महापालिकेने त्याचा भार उचलणे योग्यच आहे. मोठ्या सोसायट्यांबद्दल मला तितकी सहानुभूती वाटत नाही. आमच्या सभेत लिफ्टच्या देखभालीच्या कराराला दोन मिनिटांत मंजुरी मिळते आणि कचऱ्याच्या शुल्कावर तासभर तत्त्वचर्चा चालते.

करार आहे म्हणजे सारे सुरळीत आहे, असे नाही. पुढे नव्याने झालेल्या कराराची मुदत २०२०च्या अखेरीस संपली तेव्हा नव्या कराराऐवजी थोड्या थोड्या महिन्यांची मुदतवाढ देण्याचा प्रकार पुणेकरांनी पाहिला. हे काम खासगी ठेकेदाराला द्यावे, अशी मागणीही तेव्हा जोरात होती. प्रशासकीय भाषेत मुदतवाढ ही निरुपद्रवी गोष्ट वाटते, पण ज्या संस्थेचे भवितव्य पुढच्या तिमाहीपुरतेच ठरलेले असते, ती नवे सभासद कशाच्या भरवशावर घेणार, आणि वर्गीकरण न करणाऱ्या सोसायटीला ठामपणे नाही कसे म्हणणार? ठेकेदार एका शहरातले काम गेले तर दुसऱ्या शहरात निविदा भरतो. कोथरूडच्या एखाद्या गल्लीत पंधरा वर्षे कचरा घेणाऱ्या बाईला ती सोय नाही. केंद्र सरकारच्या २०१६च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. त्यामुळे दीर्घ करार करणे म्हणजे मेहेरबानी करणे नव्हे.

सहकारी संस्थांना झुकते माप दिले की बोगस संस्था फोफावतात, ही भीती मात्र खरी आहे. आपल्याकडे ठरावीक रकमेपर्यंतच्या सरकारी कामांत मजूर सहकारी संस्थांसाठी ठरावीक वाटा राखून ठेवलेला आहे. हेतू उत्तम होता, पण कित्येक ठिकाणी कागदावर मजूर आणि प्रत्यक्षात ठेकेदार किंवा पुढारी, अशी स्थिती झाली, हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात वावरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. याउलट केरळमध्ये १९२५ साली मजुरांनीच स्थापन केलेली उरालुंगल संस्था सरकारी रस्ते आणि पूल बांधत इतकी मोठी झाली की माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातही उतरली. तेव्हा सवलत बंद करण्यापेक्षा सभासद स्वतः ते काम करतो का आणि संचालक मंडळात काम करणाऱ्यांचे बहुमत आहे का, एवढ्या दोन गोष्टींची दरवर्षी प्रत्यक्ष जागेवर तपासणी करावी. क्षेत्रीय कार्यालयाला ते जड जाऊ नये.

शेवटी जागेचा प्रश्न. पावसाळ्यात पदपथावर प्लास्टिक अंथरून सुका कचरा निवडावा लागतो तेव्हा पुठ्ठा भिजतो, भाव पडतो आणि रहिवासी घाणीची तक्रार करतात; ती तक्रारही नेमकी कचरा वेचणाऱ्या बाईच्याच नावावर जमा होते. शहराच्या विकास आराखड्यात वाहनतळ आणि भाजी मंडईसाठी आरक्षणे असतात, तशी प्रत्येक प्रभागात छत, पाणी आणि स्वच्छतागृह असलेल्या वर्गीकरण शेडसाठी ती असायला हवीत, आणि करार किमान दहा वर्षांचा, दरवर्षीच्या शुल्कवाढीचे सूत्र आधीच लिहून ठेवलेला असावा. आपापल्या नगरसेवकाला अंदाजपत्रकाच्या वेळी या दोनच गोष्टींविषयी लेखी विचारावे, अशी माझी विनंती आहे.