जंगली फांदी आपण आहोत

'यहुद्यांनी येशूला नाकारलं, म्हणून देवानं त्यांना टाकलं अन् त्यांची जागा आपल्याला दिली.' आमच्या भागातल्या प्रार्थनासभांत हे इतक्यांदा कानावर येतं की आता गप्प बसवत नाही. बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय उघडा. देवानं आपल्या लोकांना टाकलं काय, असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल स्वतःच विचारतो आणि ठणकावून नाही म्हणतो.

पुढे तो जैतुनाच्या कलमाविषयी बोलतो. वरुड-मोर्शीच्या, संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला कलम समजावून सांगायला नको. शेंदूरजना घाटच्या पन्हेरीत जंबेरीच्या खुंटाला चाकूनं चीर देतात, साल अलगद उचलून संत्र्याचा डोळा आत सरकवतात आणि पट्टीनं घट्ट बांधतात. खुंट रानटी, डोळा गोड. पौलाच्या झाडात सगळं उलटं! मूळ अस्सल आणि त्यावर बांधलेली फांदी रानटी. हे निसर्गाला सोडून आहे, हे तो स्वतःच लिहितो. ती रानटी फांदी म्हणजे यहूदी नसलेले तुम्ही-आम्ही. मूळ यहुद्यांचं: अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे सगळे त्यांचे. येशू यहूदी, बाराही प्रेषित यहूदी. मग मुळाचा रस पिऊन मुळालाच हिणवायचं? अविश्वासामुळे तुटलेल्या फांद्या देव परत लावू शकतो आणि आपण माजलो तर आपल्यालाही तोडेल, हेही तिथंच आहे. कॅथलिक चर्चनं १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, यहूदी देवानं टाकलेले आहेत असं दाखवू नये, असं जाहीर केलं. इतकी शतकं का लागली, याचं मला फार वाईट वाटतं.

काहीजण म्हणतात, यहुद्यांच्या तारणाची वाटच वेगळी. तेही मला पटत नाही. सुवार्ता आधी यहुद्याला, मग हेल्लेण्याला म्हणजे ग्रीकाला, पण दोघांनाही विश्वासानंच तारण, हे त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे.

पण यहूदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, एक झाले की नाही, याची खरी परीक्षा झाली ती जेवणाच्या पंगतीत. परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसणं यहुद्यांत निषिद्ध मानत. तरी येशूचा शिष्य पेत्र कैसरियात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी गेला होता. सुंता न झालेल्या माणसांवर पवित्र आत्मा उतरलेला त्यानं डोळ्यांनी पाहिला. तोच पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांसोबत जेवत होता, पण यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली तसा भिऊन बाजूला झाला. पौलाचा सोबती बर्णबाही त्याच्यामागे गेला. पौलानं सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर सुनावलं. एवढ्या मोठ्या प्रेषिताला! मला तो प्रसंग वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो, कारण मला आमचीच मंडळी दिसते.

रविवारी एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेणारे आम्ही सोयरीक जुळवताना मात्र हळूच विचारतो, 'मूळचे कोण हो तुम्ही?' बाप्तिस्म्याला तीन पिढ्या झाल्या तरी हा प्रश्न सुटत नाही. आजीनं येशूचं नाव घेतलं ते पंगतीबाहेर बसावं लागू नये म्हणून, अन् नातू तीच पंगत परत मांडतो. यहूदी आणि परराष्ट्रीय यांच्यामधली आडभिंत ख्रिस्तानं पाडली असं आपण मानतो. मग जातीची भिंत आपल्या हातानं कशी बांधतो?

मंडळीच्या पुढच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. पाळकसाहेबांनी आणि पंचांनी त्यावर उघड बोलावं, एवढीच विनंती.