ब्लोअर बंद पडला म्हणून स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी

‘एसीचा ब्लोअर फिरत नाही? मेकॅनिकला हजारो रुपये देऊ नका, पाच मिनिटांत घरीच दुरुस्त करा’ असा एक मेसेज उन्हाळा लागल्यापासून फिरतोय. ब्लोअर म्हणजे इनडोअर युनिटमधला हवा फेकणारा पंखा. त्यात पाच उपाय आहेत. परवा अकोल्याहून मामांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘स्टूल काढलंय. तिसरा उपाय करून बघतो.’ मी ताबडतोब फोन करून त्यांना थांबवलं. हाच मेसेज ज्या बाकीच्या घरांत पोचलाय, तिथे कोण थांबवणार?

तिसऱ्यापासूनच सुरुवात करतो. बाकीच्या उपायांनी पैसे वाया जातील, याने माणूस जाऊ शकतो. उपाय असा: ‘रिमोटने एसी बंद करा, कंडेन्सरच्या दोन्ही पिनांना स्क्रू ड्रायव्हर टेकवा, अडकलेला करंट निघून जाईल.’ मेसेज ज्याला कंडेन्सर म्हणतो तो म्हणजे कपॅसिटर, मोटरसाठी चार्ज साठवणारा भाग.

रिमोटने एसी बंद केला की आतली वीज बंद होत नाही. पीसीबीला, म्हणजे एसी चालवणाऱ्या सर्किट बोर्डला, 230 व्होल्ट मिळतच राहतात, म्हणून तर पुन्हा बटण दाबलं की तो चालू होतो. म्हणजे हा मेसेज लोकांना वीज चालू असलेल्या यंत्रात लोखंड घालायला सांगतोय. एमसीबी, म्हणजे एसीची वीज तोडणारा भिंतीवरचा स्विच, पाडलेला असला, तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. इनडोअरमधला ब्लोअरचा कपॅसिटर छोटा असतो, साधारण 1 ते 2.5 मायक्रोफॅरड. त्याच्या साठ्याने सहसा जीव जात नाही, हे मान्य. पण स्टुलावर उभ्या माणसाचा हात झटक्याने मागे आला तर तो खाली कसा पडेल, याचा विचार करा. मेसेजमध्ये तर इनडोअर की आउटडोअर हेसुद्धा लिहिलेलं नाही. आउटडोअरला कॉम्प्रेसरचा कपॅसिटर याच्या कितीतरी पट मोठा असतो. इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअर बोर्डवर 300 व्होल्टच्या वर डीसी असतो आणि वीज तोडल्यावरही काही मिनिटं तो तसाच राहू शकतो. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत फरक पडला की तो ट्रिप होतो. कपॅसिटरमध्ये साठलेल्या चार्जचा झटका त्याला कळतच नाही.

आणि एवढं करून मिळणार काय? कपॅसिटर खराब होतो तो त्याची क्षमता घटल्यामुळे किंवा आतून तुटल्यामुळे. शॉर्ट केल्याने तो बरा होत नाही.

मामांना मी एमसीबी पाडून पुढचं झाकण उघडायला सांगितलं आणि आत चिकटवलेल्या वायरिंग डायग्रामचा फोटो मागवला. त्यात ब्लोअरच्या मोटरला पाच वायरी होत्या आणि कपॅसिटरची खूण कुठेच नव्हती. मोटर डीसी होती. अशी मोटर असलेल्या एसीत ब्लोअरसाठी वेगळा कपॅसिटर नसतोच. मामांनी स्क्रू ड्रायव्हर नेमका कशाला टेकवला असता? तुमच्या एसीचा डायग्राम झाकणाच्या आत किंवा इलेक्ट्रिकल बॉक्सच्या पत्र्यावर असतो. मेसेजपेक्षा त्यावर विश्वास ठेवा.

याच मुद्द्यात ‘मोठा, पॉवरफुल कंडेन्सर बसवा’ असंही घुसडलंय. 1.5 च्या जागी 2.5 बसवला तर वाइंडिंगमधून जास्त करंट जातो आणि मोटर तापते. जुन्यावर छापलाय तोच आकडा हवा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त.

पहिला मुद्दा, ‘गॅस संपला की ब्लोअर बंद पडतो.’ त्याच डायग्राममध्ये बघा, ब्लोअरला वीज पीसीबी देतो. गॅसचा त्याच्याशी संबंध नाही. अर्धं खरं एवढंच की गॅस कमी झाला किंवा फिल्टर तुंबला, तर कॉइलवर बर्फ साचतो आणि ब्लोअर फिरत असूनही हवा येत नाही. अशा वेळी कान लावला तर घरघर ऐकू येते. एसी बंद ठेवून बर्फ वितळू द्या. पण ब्लोअर मुळीच फिरत नसताना कुणी ‘गॅस भरावा लागेल’ म्हणाला, तर त्याला कारण विचारा.

दुसरा उपाय, ‘चालू एसीत काडीने पात्याला धक्का द्या.’ कपॅसिटर गेलेली साधी (डीसी नसलेली) मोटर धक्का दिल्यावर फिरू लागते, यात तथ्य आहे. पण ब्लोअरची पाती प्लास्टिकची आणि पातळ असतात. एक तुटलं की तोल जातो आणि अख्खा एसी थरथरू लागतो.

चौथा उपाय तेलाच्या स्प्रेचा. करू नका. तेलावर धूळ चिकटते, ब्लोअरच्या टोकाला आधार देणारा रबरी बुश खराब होतो आणि स्प्रेमधला ज्वलनशील वायू रिलेच्या (बोर्डवरच्या स्विचच्या) ठिणगीजवळ जातो.

पाचवा, एमसीबी दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा लावणं, हा मात्र बरोबर आहे. पीसीबी अडकला असेल तर त्याने सुटतो. या एका खऱ्या उपायामुळे बाकीचे चार लोकांना खरे वाटतात, याचा मला जास्त राग येतो.

आधी रिमोटवर मोड बघा. ड्राय मोडमध्ये ब्लोअर हळू फिरतो, मधेच थांबतोही. फॅन मोड लावा. त्यात नीट फिरला तर मोटर बहुधा ठीक आहे. नाही फिरला तर एसी कूलवर रेटत ठेवू नका, कॉइल गोठून कॉम्प्रेसरला त्रास होतो. एमसीबी पाडा, थोडं थांबा, फिल्टर काढा आणि ब्लोअर बोटाने हलकेच फिरवा. अडकत असेल तर बुश गेलाय किंवा आत काही पडलंय. सहज फिरत असेल आणि चालू केल्यावर नुसती गुणगुण येत असेल तर साधी मोटर असलेल्या एसीत कपॅसिटरवर संशय घ्या. काहीच आवाज नसेल तर मोटर किंवा पीसीबी. मोटरचा आवाज येतोय पण ब्लोअर हलत नाही, तर शाफ्टचा स्क्रू सैल झालेला असू शकतो.

मेकॅनिकला फोन करताना हे सगळं सांगा, डिस्प्लेवर कोड असेल तर तोही. एकाच कोडचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, तेव्हा मॉडेल नंबर सोबत द्या.