पूर्वीचे गडी दणकट, आताचे नाजूक? एका फिरत्या मजकुराला उत्तर

खानदेशातल्या कबड्डी मंडळांच्या, तालमींच्या आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक मजकूर फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, दावा तोच असतो: पूर्वीचे खेळाडू दणकट होते, विज्ञान-तंत्रज्ञानाने त्यांना नाजूक करून टाकलं. सोबत पाच दाखले असतात. गावसकर हेल्मेटशिवाय खेळले, त्यांचं काय बिघडलं? डोक्याला लागलं तर तोंडावर पाणी मारायचं, गडी चालायला लागला की पुन्हा मैदानात. आजचे विक्रम माणसांचे नाहीत, बुटांचे आहेत. उन्हात पाणी न पिता पळालं की शरीर कसतं. आणि सुरक्षितता वगैरे पैसेवाल्यांचे चोचले, खेड्यातल्या पोराला त्यातलं काय परवडणार?

सकाळी माझ्याकडे पळायला येणारी पोरं हा मजकूर नुसता वाचत नाहीत, तसं वागतात. म्हणून एकेका दाखल्याला उत्तर देतो.

गावसकर हेल्मेट घालत नसत, हे खरं. पण कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते टोपीखाली डोक्याला बसणारं कडक कवच घालून खेळत, हे मजकुरात येत नाही. नरी कॉन्ट्रॅक्टरही येत नाहीत. १९६२ साली बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताच्या या कर्णधाराच्या डोक्याला लागला, कवटी फुटली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेलने स्वतःचं रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. १९७६ च्या जमैका कसोटीत अंशुमन गायकवाड ८१ धावांवर खेळत असताना कानाला चेंडू लागला आणि ते थेट इस्पितळात गेले. विश्वनाथचं बोट मोडलं, ब्रिजेश पटेलच्या तोंडाला लागलं. दुसऱ्या डावात भारताचे पाच फलंदाज जखमी म्हणून उतरलेच नाहीत आणि डाव ९७ धावांवर संपला. ज्यांचं बिघडलं त्यांची नावं गाळली की कोणाचंच बिघडलं नाही असं वाटणारच.

हेल्मेट आलं म्हणून सगळं भागलं, असंही मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूजने हेल्मेट घातलं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीच्या मैदानावर चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेवर बसला, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली आणि दोन दिवसांत तो गेला. तेव्हाच्या मानेच्या पट्टीने तो मार नक्की अडला असता, असं चौकशीतही कोणी म्हटलं नाही. तरी काम थांबलं नाही. हेल्मेटला मागून मानेचं संरक्षण जोडलं गेलं, आणि वेगवान माऱ्यासमोर ते वापरणं ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२३ पासून सक्तीचं केलं. कुठे लागलं, कसं लागलं, हे तपासायचं आणि साधन बदलायचं. मजकूर ज्याला नाजूकपणा म्हणतो तो हा.

आता सर्वात घातक दाखला: गडी चालायला लागला म्हणजे बरा झाला. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या मैदानांवर हेच रोज चालतं.

भारताचे माजी क्रिकेटपटू रमण लांबा १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्यात क्लबचा सामना खेळत होते. मोजक्या चेंडूंपुरते फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, उभे राहिले, हेल्मेट न घालता. फलंदाजाने मारलेला चेंडू कपाळाला लागला. ते उठले आणि स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. थोड्या वेळात कोसळले, आणि तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. डोक्याच्या आत रक्तस्राव होत असताना माणूस काही काळ चालतो, बोलतो, हसतोही. रक्त साठत जातं, मेंदूवर दाब वाढतो आणि मग तो एकाएकी ढासळतो.

रक्तस्राव नसला तरी मेंदूला हादरा बसतोच. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. झटक्याने तो हलतो, पिळला जातो. म्हणून हेल्मेट कवटी वाचवतं, पण हादरा पूर्ण थोपवू शकत नाही. त्याची लक्षणं तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेला लागला. त्याची तपासणी झाली, तो परत फलंदाजीला आला, ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास सुरू झाला. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून आयसीसीने मेंदूला हादरा बसलेल्याच्या जागी बदली खेळाडू उतरवायचा नियम आणला होता, म्हणून स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. जगातले उत्तम डॉक्टर शेजारी असताना ज्याचं निदान एका दिवसाने होतं, ते आपण तांब्याभर पाणी मारून दोन मिनिटांत करतो.

चोपडा तालुक्यात रात्रीच्या कबड्डी सामन्यांत मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. डाव्या कोपऱ्यातला पोरगा चढाईपटूचा घोटा धरायला खाली वाकला आणि गुडघा थेट त्याच्या कानशिलावर बसला. पोरगा पडला, उठला. कोणीतरी कांदा फोडून नाकाला लावला. "काहीच नही व्हयनं, ऊठ भाऊ!" म्हणून पाठीवर थाप पडली. तो शेजारच्याला विचारत होता, "आपले गुण किती?" उत्तर मिळालं. पुन्हा तेच विचारलं. पुन्हा उत्तर मिळालं. तिसऱ्यांदाही तेच विचारलं, तेव्हा सगळे हसले आणि त्याला परत मैदानात ढकललं. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं हेच मेंदूच्या हादऱ्याचं ठळक लक्षण आहे. त्या रात्री दुसरा फटका बसला नाही, एवढंच. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर कोवळ्या वयात मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव जाऊ शकतो. कांद्याच्या वासाने यातलं काहीही थांबत नाही.

नियम साधा आहे. शंका आली की खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत आत नाही. त्याला एकटं सोडायचं नाही. उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, झटका किंवा हातापायांत अशक्तपणा दिसला तर तडक इस्पितळ. एक-दोन दिवस उसंत, मग हळूहळू हालचाल, आणि अंगाला अंग भिडणारा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

बुटांच्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून तो झटकून टाकत नाही. जाड फेस आणि आत कडक पट्टी असलेल्या बुटांनी धावण्याला लागणारी ऊर्जा वाचते, हे प्रयोगशाळेत मोजलं गेलं आहे. पण ते मोजलं कोणी? विज्ञानानेच. त्या मोजमापांवरच २०२० मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतीसाठी तळव्याची जाडी ४० मिलिमीटरवर रोखली. केनियाचा धावपटू किपचोगेने २०१९ साली व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं, तरी ते विक्रम म्हणून धरलं नाही, कारण वेग राखणारे सोबती बदलत होते आणि ती खुली शर्यतच नव्हती. पोहण्यात २००९ च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत प्लॅस्टिकसारख्या पोशाखांत ४३ विश्वविक्रम झाले. १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद. भरतीच्या पोरांनी यातून एवढंच घ्यावं की महागडा बूट नसला म्हणून अडत नाही, झिजलेला बूट मात्र बदलावा.

आता ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि याच दिवसांत पोरं १६०० मीटरची वेळ कमी करायला जिवाचं रान करतात. मजकूर त्यांना सांगतो, पाणी पिऊ नका, शरीर कसेल. हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमधल्या मॅरेथॉनच्या आयोजकाला पाण्याविना शरीराचं काय होतं ते बघायचं होतं, म्हणून वाटेत पाणी जवळजवळ ठेवलंच नाही. ऊन ३२ अंशांच्या आसपास, रस्ता धुळीचा. ३२ धावपटू निघाले, १४ पोहोचले. एकजण मरता मरता वाचला. विजेत्याला साडेतीन तास लागले, ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकणाऱ्यांत सर्वात संथ वेळ.

पळताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा बहुतेक भाग उष्णता होतो. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम सुकणं. पाणी कमी पडलं की रक्ताचं प्रमाण घटतं, हृदयाला जास्त पळावं लागतं, घाम आटतो, आतला ताप चढतो. तहानेची सवय शरीराला होत नाही. उन्हाची मात्र होते. दहा ते चौदा दिवस रोज थोडा थोडा वेळ वाढवत नेला तर घाम लवकर सुटायला लागतो, रक्तातला पातळ भाग वाढतो, त्याच वेगाला नाडी कमी पळते. कणखरपणा येतो तो असा. म्हणून शहरातून सुट्टीत आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी जुन्या पोरांबरोबर पळवायचं नाही. ढसाढसा पाणी ढोसणंही बरं नव्हे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, घटलेलं आढळलं; जादा पाण्याने ते पातळ होतं. तहान लागेल तसं प्यावं.

नुसता पारा बघूनही फसायला होतं. जूनमध्ये ढग येतात, पारा उतरतो, सगळ्यांना हायसं वाटतं; पण हवा दमट होते, घाम सुकत नाही आणि धोका वाढतो. म्हणून खेळात ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरणारा निर्देशांक वापरतात. फुटबॉलमध्ये तो ३२ च्या वर गेला की सामना थांबवून खेळाडूंना थंड होऊ देतात. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवार दगावले, ते आपल्यासारख्याच घरांतले होते.

तालमीतल्या पोरांचं वजन तोडणं हाही तहानेचाच प्रकार. माती आणि गादी दोन्हीकडे खानदेशाचं नाव आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४, २०१५, २०१६ असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी जिंकलं. म्हणूनच शाळकरी पोरगं रेनकोट घालून दुपारी पळताना, थुंकून थुंकून वजन घटवताना पाहिलं की मला राहवत नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन पहिलवान महिन्याभरात असंच वजन तोडताना मेले. तिथे रबरी सूट बंद झाले, वजन कुस्तीच्या जवळ घेतलं जाऊ लागलं, अंगात पाणी किती आहे ते तपासून वजनगट ठरायला लागला. आपल्याकडे वस्तादांनी महिनाभर आधी गट ठरवला तरी पुष्कळ होईल.

राहिला पैशांचा मुद्दा, आणि तो सर्वात चुकीचा आहे. उष्माघात झालेल्या खेळाडूला वाचवायचा सिद्ध उपाय म्हणजे बर्फाच्या पाण्यात बुडवणं. अमेरिकेत फॉलमाउथच्या ऑगस्टमधल्या शर्यतीत वर्षानुवर्षं असे २७४ धावपटू पाण्यात बुडवून थंड केले, एकही गेला नाही. टब नसेल तर ताडपत्री चालते, आणि ताडपत्री आपल्याकडे प्रत्येक खळ्यावर आहे. पोरगं बरळायला लागलं, तोल जायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं की सावलीत ताडपत्रीवर निजवायचं, चौघांनी कडा उचलून धरायच्या, पाणी आणि गोळावाल्याकडचा बर्फ ओतून ते ढवळत राहायचं. डोकं वर. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. एकाने १०८ ला फोन करायचा, पण गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. अर्ध्या तासात ताप उतरायला हवा.

हृदय थांबलं तर मात्र क्षणाक्षणाचा हिशेब असतो. डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये खेळताना कोसळला. लगेच छाती दाबली गेली, विजेचा झटका दिला गेला, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळत होता. झटका देणारं यंत्र आज आपल्या प्रत्येक मैदानावर नाही, आणि ते तालुक्याच्या क्रीडा संकुलात तरी असावं म्हणून मागणी लावून धरायला हवी. छाती दाबायला मात्र फक्त दोन हात लागतात: छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. एका रविवारी सगळं मंडळ हे शिकू शकतं. मंडळांनी सामन्यांच्या पत्रकावर बक्षिसाच्या रकमेखाली एवढं छापावं: डोक्याला लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही, आणि मैदानावर पाणी, बर्फ, ताडपत्री व छाती दाबता येणारी दोन माणसं हजर राहतील.