गुरुवारचा दिवा

आमच्या गाडीत दर गुरुवारी आपोआप दिवा लागतो, असं आईने सोसायटीत सांगितलं तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं की आम्ही डॅशबोर्डवर समई बसवून घेतली आहे. दिवा खरा होता. फक्त तो पिवळा होता आणि त्याच्या गोलात 'एबीएस' अशी अक्षरं होती.

गाडी २०११ ची. त्या काळी ब्रेकचं हे एबीएस फक्त वरच्या मॉडेलला मिळायचं. नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं २०१९ च्या एप्रिलमध्ये. मी मात्र २०११ लाच जास्तीचे पैसे मोजून घेतलं आणि पुढची काही वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. प्रत्यक्षात ते एकदाच कामी आलं. पावसात खंबाटकीचा घाट उतरताना समोर म्हैस आली, मी ब्रेकवर उभा राहिलो आणि पायाखाली पेडल थरथर कापायला लागलं. म्हैस वाचली. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये जाऊन "ब्रेक खराब झालेत, पेडल थरथरतंय" अशी तक्रार केली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, त्यालाच एबीएस म्हणतात. चाक जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून ते ब्रेक सोडतं, धरतं, सोडतं, धरतं." त्यानंतर मी ऐकवणं कमी केलं.

तर दिवा. आईला गुरुवारी पेठेतल्या दत्ताच्या देवळात न्यायचं असतं. देवळाची गल्ली अशी की रिक्षावालासुद्धा आत शिरण्याआधी एकदा आकाशाकडे बघतो. तिथे पोचलो की दिवा पेटायचा. आई दर्शन घेऊन यायची, मी किल्ली फिरवायचो, दिवा दोन-तीन सेकंद लागून विझायचा आणि घरापर्यंत पुन्हा तोंड दाखवायचा नाही.

"विझवला बघ त्याने," आई देवळाकडे हात जोडून म्हणायची.

मी विज्ञानवादी माणूस. मी ऑनलाइन सहाशे रुपयांचा काडेपेटीएवढा स्कॅनर मागवला, स्टीअरिंगखाली खोचला आणि मोबाइलला जोडला. त्याने सांगितलं, गाडीत काहीही दोष नाही. हे स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनाशी बोलतात, ब्रेकच्या कॉम्प्युटरशी त्यांची ओळखच नसते, हे मला सहाशे रुपये गेल्यावर कळलं.

मग ऑटो इलेक्ट्रिशियन गाठला. पोरगा विशी-बाविशीतला, मला "काका" म्हणाला. तिथेच निम्मा खचलो. त्याच्याकडचा स्कॅनर पाटीएवढा होता. दिवा विझलेला असला तरी बिघाडाचा कोड आत साठून राहतो म्हणे. निघालाच. पुढचं डावं चाक, स्पीड सेन्सर.

"काका, प्रत्येक चाकाला एक सेन्सर असतो. चाक किती फिरतंय ते मोजतो. तीन चाकं म्हणाली वीसचा स्पीड आहे आणि एक म्हणालं मी उभाच आहे, तर कॉम्प्युटरचं डोकं फिरतं. मग तो एबीएस बंद करून दिवा लावतो. साधे ब्रेक लागतात, घाबरू नका. लाल दिवा लागला तर घाबरा."

त्याने सेन्सर काढला. टोकावर लोखंडाचा काळा चुरा मिशीसारखा चिकटला होता. पुसला, बसवला, तीनशे रुपये. गुरुवारी दिवा लागला. मग मी नाना पेठेत जाऊन नवा सेन्सर आणला, बावीसशे रुपये. गुरुवारी दिवा लागला. कोड तोच. शुक्रवारी, शनिवारी, ऑफिसला जाताना, सिंहगड रस्त्याच्या गर्दीत, कुठेही काही नाही. माझ्या विज्ञानवादाला इथे थोडा पोचा आला, हे कबूल करतो. एका बुधवारी मी देवळाकडे उगाच एकटाच जाऊन आलो. दिवा लागला! म्हणजे वार सुटला, देव राहिला.

तिसऱ्या खेपेला आईला दवाखान्यात सोडायचं होतं, म्हणून ती गाडीतच होती. पोराने गाडी जॅकवर घेतली, तिला आपल्या स्टुलावर बसवलं आणि चाक हाताने गरागरा फिरवून स्कॅनरवर बघत राहिला. चार, पाच, पाच, चार किलोमीटर. ठणठणीत.

"अरे, पण चाक सरळ आहे की," आई म्हणाली. "देवळापाशी हा केवढं स्टीअरिंग पिळतो! उजवीकडे. दात-ओठ खाऊन."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. "काका, बसा आत. उजवीकडे पूर्ण मारा."

मी मारलं. त्याने चाक फिरवलं. पाच, पाच, शून्य. थोडं सोडलं, पाच. पुन्हा मारलं, शून्य.

टॉर्च घेऊन तो चाकामागे शिरला. सेन्सरची वायर शॉकपवरच्या क्लिपमध्ये अडकवलेली असायला हवी. मागच्या दिवाळीत शॉकप बदलले तेव्हा कुणीतरी ती परत अडकवलीच नव्हती. स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे गेलं की वायर ताणायची, आतल्या कप्लरला, म्हणजे वायरच्या जोडाला, हिसका बसायचा आणि ढिली पिन क्षणभर सुटायची. सेन्सर जुना असो वा नवा, तिला फरक पडत नव्हता. रोजच्या रस्त्यावर इतकं स्टीअरिंग मी कुठेच मारत नाही. किल्ली बंद करून चालू केली की हिशोब नव्याने सुरू, म्हणून दर्शनानंतर दिवा गायब.

त्याने पिन दाबून घट्ट केली, वायर जागेवर आणली, दोन केबल टाय आवळले. साडेतीनशे रुपये. माझे बावीसशे त्या टायकडे बघत राहिले.

"याला साडेतीनशे," गाडीत बसल्यावर आई म्हणाली. "आणि निदानाचे किती?"

पाव किलो कंदी पेढ्यांवर तडजोड झाली.

पुढच्या गुरुवारी गल्लीत वळलो. दोघंही डॅशबोर्डकडे बघत होतो. काही नाही. आई जराशी हिरमुसली. मग तिने पुडा सोडला आणि जिथे दिवा लागायचा त्याच्या बरोबर वर, डॅशबोर्डवर एक पेढा ठेवला. "असू दे, रुसायला नको." मी विज्ञानवादी माणूस, काही बोललो नाही. तो पेढा दुपारच्या उन्हात विरघळून एसीच्या जाळीत उतरला.

सध्या गाडीत मुंग्या आहेत. त्या मात्र रोज येतात.