ब्लूमबर्ग हरले, मग पैसा जिंकतो कुठे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

अमेरिकेतील संपत्ती आणि सत्ता यांच्या लागेबांध्यांवरील माझ्या लेखावर आपण न्यू जर्सीहून सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेले अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग आणि माजी गव्हर्नर जेब बुश यांचे पराभव पाहता पैशाने अमेरिकेतील निवडणूक विकत घेता येत नाही, श्रीमंतांतही दोन तट असल्यामुळे त्यांचा पैसा परस्परांना छेद देतो, आणि भारतात बसून अमेरिकेला नावे ठेवणाऱ्याने आधी आपल्या घरच्या निवडणूक रोख्यांकडे पाहावे.

शेवटचा आक्षेप आधी हातावेगळा करतो. रोख्यांची योजना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. मात्र त्याने अमेरिकेविषयीचा कोणताही प्रश्न सुटत नाही.

आपली उदाहरणे खरी आहेत. ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये स्वतःच्या खिशातून एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च केले आणि त्यांच्या पदरात विजय पडला तो केवळ अमेरिकन सामोआ या चिमुकल्या बेटसमूहात. बुश यांच्या पाठीराख्या सुपर पॅकने (उमेदवारापासून स्वतंत्रपणे, कितीही पैसा जमवून खर्च करू शकणाऱ्या गटाने) दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमवूनही त्यांना फेब्रुवारी २०१६ मध्येच माघार घ्यावी लागली. आपल्या यादीत मीच आणखी एक भर घालतो : एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयातील एका जागेसाठी इलॉन मस्क आणि त्यांच्याशी संबंधित गटांनी दोन कोटी डॉलरहून अधिक ओतले, तरी त्यांचा उमेदवार सुमारे दहा टक्क्यांच्या फरकाने हरला. परंतु या तिन्ही लढतींवर साऱ्या देशाचे लक्ष होते आणि कोण कोणासाठी पैसे मोजतो आहे हे मतदाराला ठाऊक होते. जिथे मतदाराचे लक्ष नसते तिथे पैसा काय करतो, हा माझ्या लेखाचा प्रश्न होता आणि त्याला आपल्या प्रतिक्रियेत उत्तर नाही.

क्रिप्टो, म्हणजे आभासी चलनांच्या उद्योगाचे उदाहरण पाहा. या उद्योगाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या फेअरशेक या सुपर पॅकने २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील सिनेटच्या प्राथमिक (अंतिम लढतीचे उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत डेमोक्रॅट केटी पोर्टर यांच्याविरुद्ध सुमारे एक कोटी डॉलर खर्च केले, तर ओहायोत डेमोक्रॅट सिनेटर शेरॉड ब्राउन यांना पाडण्यासाठी फेअरशेकशी संलग्न गटाने सुमारे चार कोटी डॉलर लावले. दोघेही पडले. त्या पैशामुळेच ते पडले असा माझा दावा नाही. पोर्टर यांच्यासमोर तगडे प्रतिस्पर्धी होते आणि ओहायोचा कल पूर्वीच रिपब्लिकन पक्षाकडे झुकला होता. लक्षात घेण्यासारखी बाब ही की त्या जाहिरातींत क्रिप्टोचा उल्लेखही नव्हता. मतदारांना त्या विषयात रस नाही हे देणगीदार जाणून होते. त्यांचा संदेश निवडून येणाऱ्या इतरांसाठी होता आणि तो पोहोचला असे मानण्यास जागा आहे. पुढच्याच वर्षी स्टेबलकॉइनविषयीचे (डॉलरसारख्या चलनाशी मूल्य बांधलेल्या आभासी चलनाविषयीचे), त्या उद्योगाने उचलून धरलेले विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३० मतांनी संमत झाले आणि बाजूने मत देणाऱ्यांत अठरा डेमोक्रॅट होते. दोन तटांचा पैसा परस्परांना छेद देतो असे आपण म्हणता. इथे दोन्ही तटांना एकाच तिजोरीचा धाक होता.

आता आपल्या रोजच्या आयुष्यातला विषय घेऊ. दरवर्षी एप्रिलच्या मध्यापर्यंत आपण टॅक्स रिटर्न भरता. पगारदार माणसाच्या उत्पन्नाची बहुतेक माहिती सरकारकडे आधीच असते, तरीही ती भरून देण्यासाठी कोट्यवधी लोक खासगी कंपन्यांना पैसे मोजतात. २००२ मध्ये आयआरएस, म्हणजे तेथील कर खाते, आणि या कंपन्या यांच्यात करार झाला : कंपन्यांनी कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत सेवा द्यायची आणि त्या बदल्यात सरकारने स्वतःची सेवा सुरू करायची नाही. त्या मोफत सेवेकडे लोक पोहोचू नयेत यासाठी टर्बोटॅक्स या रिटर्न भरण्याच्या सॉफ्टवेअरच्या मालक कंपनीने काय काय केले हे २०१९ मध्ये पत्रकारांनी उघडकीस आणले. ‘मोफत’च्या फसव्या जाहिरातींबद्दल त्या कंपनीला २०२२ मध्ये राज्यांशी १४.१ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. अखेर २०२४ मध्ये बारा राज्यांत सरकारची स्वतःची मोफत सेवा आली, २०२५ मध्ये ती आपल्या न्यू जर्सीसह पंचवीस राज्यांत पोहोचली आणि २०२६ च्या हंगामापूर्वी बंदही झाली. अल्प प्रतिसाद आणि जादा खर्च ही सरकारची कारणे आहेत, ती मी नाकारत नाही. परंतु जी सेवा वीस वर्षे जन्मूच दिली नाही, तिला दोन हंगामांत प्रतिसादाच्या फूटपट्टीने मोजणे मला पटत नाही. यावर कोणी निवडणूक लढवल्याचे आपल्या स्मरणात आहे काय?

औषधांच्या किमतींचा इतिहास याहून बोलका आहे. वृद्धांना मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेतून औषधे मिळावीत यासाठी २००३ मध्ये कायदा झाला आणि सरकारने औषध कंपन्यांशी किमतींबाबत वाटाघाटी करू नयेत असे कलम त्यातच घालण्यात आले. एरवी पंधरा मिनिटांत उरकणारे मतदान प्रतिनिधिगृहात २२ नोव्हेंबरच्या पहाटे तीनच्या सुमारास सुरू झाले आणि मते फिरेपर्यंत जवळजवळ तीन तास उघडे ठेवले गेले. निकाल लागला २२० विरुद्ध २१५. या कायद्याच्या शिल्पकारांपैकी एक, संबंधित समितीचे अध्यक्ष बिली टॉझिन, जानेवारी २००५ मध्ये औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. यात बेकायदेशीर काही नव्हते आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. वाटाघाटींची मुभा मिळण्यास २०२२ उजाडले आणि पहिल्या दहा औषधांच्या ठरलेल्या किमती लागू होण्यास जानेवारी २०२६. मधल्या काळात दोन्ही पक्षांची सरकारे येऊन गेली.

सरकारी धोरणांवर श्रीमंतांच्या मतांचा प्रभाव पडतो, सामान्यांच्या मतांचा जवळजवळ नाही, असे सांगणाऱ्या गिलेन्स आणि पेज या राज्यशास्त्रज्ञांच्या २०१४ च्या अभ्यासावर मी विसंबलो, असेही आपण म्हणता. बहुतेक प्रश्नांवर मध्यमवर्ग आणि श्रीमंत यांची मते एकच असतात, हा त्यावरील आक्षेप वजनदार आहे. म्हणूनच वरची उदाहरणे मी त्या अभ्यासाच्या आधाराशिवाय दिली.

राहिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न, जो आपण ओझरता मांडलात. निवडणूक खर्चावरील मर्यादा अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या बकली निकालाने काढल्या आणि २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांनाही स्वतंत्र खर्चाची मुभा दिली. त्या दुसऱ्या निकालात नऊपैकी आठ न्यायाधीशांनी पैशाचा स्रोत जाहीर करण्याची सक्ती योग्य ठरवली होती, म्हणजे पैसा बोलला तरी बोलणाऱ्याचे नाव कळावे ही अपेक्षा होती. त्याच वर्षी त्या दिशेचे विधेयक प्रतिनिधिगृहाने संमत केले, पण सिनेटमध्ये चर्चा पुढे नेण्यास लागणारी साठ मते मिळाली नाहीत. ५९ वर गाडी अडली. देणगीदारांची नावे न सांगणाऱ्या ना-नफा संस्थांमार्फत खर्च आजही होतो. आणि अमेरिकेच्या ज्या निवडणूक आयोगाने या साऱ्यावर लक्ष ठेवायचे, त्याच्या सहा जागांपैकी इतक्या रिकाम्या झाल्या की मे २०२५ मध्ये निर्णयासाठी आवश्यक असलेली चार सदस्यांची गणसंख्याही त्याच्याकडे उरली नव्हती.